मेन्हीवार कुठल्या मजल्यावर?

माणसाचं नाव ही त्याची एकमेव मालमत्ता असते आणि ती त्याच्याकडून कोणतीही सत्ता, कोणतीही कंपनी, कोणताही काळ हिरावून घेऊ शकत नाही. युनियनच्या ब्रेननसाहेबांनी हे वाक्य आमच्या पहिल्याच सभेत, दोन्ही हात वर करून उच्चारलं, तेव्हा आम्ही तीसपस्तीस सफाईवाले उठून उभे राहिलो आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निदान पंधरा जणांची नावं दुसऱ्या कुणाची तरी होती. साहेबांना त्याची कल्पना नसावी, किंवा असली तरी तोवर वाक्य पाठ झालेलं असावं. सभा संपल्यावर त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "रिगोबेर्तो, तुमच्यासारख्या ज्येष्ठांच्या जिवावर ही लढाई आहे." मी रिगोबेर्तो नव्हतो. मी रोहेलिओ कान्तू होतो. खरं म्हणजे मी तोही नव्हतो, पण एवढ्या उत्साही माणसाला एकाच दिवसात दोनदा दुरुस्त करणं बरं वाटेना.

त्यानंतर अकरा आठवड्यांनी तो शनिवार आला. दुपारचे दोन. लॉस एंजेलिसमध्ये असा उकाडा की चर्चच्या सभागृहातले पंखे हवा न हलवता नुसती मान हलवत होते. पुढे एक लांब टेबल. मध्ये एक निवृत्त न्यायाधीश, ज्यांना दोन्ही बाजूंनी तटस्थ म्हणून पसंत केलं होतं आणि जे खरोखरच इतके तटस्थ होते की मधूनच त्यांचे डोळे मिटत. त्यांच्या डावीकडे कंपनीचा वकील, समोर पगारपत्रकावरची शेहेचाळीस नावं. उजवीकडे ब्रेननसाहेब, समोर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चोवीस बंद पाकिटं. प्रत्येक पाकिटात एक कार्ड, कार्डावर एक नाव आणि सही: मला युनियन हवी. शेहेचाळिसांत चोवीस म्हणजे बहुमत, अगदी काठावरचं. करार असा होता की चोवीस नावं यादीशी जुळली तर कंपनी युनियन मान्य करील आणि कामावरून काढलेल्या एदेल्मिराला सोमवारी परत घेईल. नाही जुळली तर वर्षभर कुणी विषय काढायचा नाही, आणि एदेल्मिरानं बसस्टॉपवर मक्याचे तामाले विकत राहायचं. एदेल्मिरा पहिल्या रांगेत बसली होती. मांडीवर पर्स, पायांत कामाचे काळे बूट. सोमवारची तयारी तिनं शनिवारीच केली होती. न्यायाधीश पाकीट फाडत, नाव वाचत. वकील यादीवरून लाकडी पट्टी खाली सरकवी आणि म्हणे, "आहे." मग पुढचं पाकीट. अठरा झाली. अठराव्या 'आहे'नंतर माझ्या शेजारच्या चेलिनोनं माझ्या बरगडीत कोपर मारलं आणि म्हणाला, "काका, आता सहाच. देवाची आई जागी आहे." एकोणिसावं पाकीट फाडून न्यायाधीशांनी चष्मा वर केला, कार्ड लांब धरलं, जवळ धरलं, आणि वाचलं, "आबंडिओ मेंजिवर."

न्यायाधीशांनी नावाची पार चटणी केली होती, पण चटणी झाली तरी आंबा आपल्या झाडाचा असला की ओळखू येतो. अबुन्दियो मेन्हीवार. नऊ वर्षांत हे दोन शब्द माझ्या कानावर पडले नव्हते. मी ते स्वतःशीसुद्धा उच्चारत नव्हतो. रात्रपाळीत रिकाम्या मजल्यावर माणूस एकटाच बोलायला लागतो, आणि सवय लागली की ती चारचौघांत दगा देते. वकिलाची पट्टी खाली गेली, थांबली, वर आली, पुन्हा खाली गेली. "मार्तीनेस, मेहीया, मोरालेस. नाही." "नाही?" न्यायाधीशांनी विचारलं. "या नावाचा माणूस कंपनीत नाही." न्यायाधीशांनी कार्ड बाजूला ठेवलं, पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर चष्म्याचं घर ठेवलं आणि विसावं पाकीट उचललं. चेलिनो पुटपुटला, "कोण रे हा मेन्हीवार?" मी खांदे उडवले. खांदे उडवताना मला जाणवलं की ते रोहेलिओ कान्तूच्या पद्धतीनं उडाले होते, आधी डावा, मग उजवा, म्हाताऱ्या माणसासारखे.

कान्तूविषयी सांगायचं तर तो फार सज्जन माणूस असावा. जन्म लारेडोचा, म्हणजे अमेरिकन, धंदा ट्रकचा, मृत्यू यकृतानं. त्याच्या विधवेनं त्याचे कागद माझ्या हातात ठेवले तेव्हा एवढंच म्हणाली की त्याचं नाव दारूच्या गुत्त्यात सांगू नका, तिथं लोक त्याला ओळखतात. तो माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, त्यामुळे बेचाळिसाव्या वर्षी मी एका आठवड्यात त्रेपन्नचा झालो. सुरुवातीला अडचण मेक्सिकन बोलीची होती. साल्वादोरमधला माणूस तोंड उघडताच ओळखू येतो. म्हणून मी वर्षभर कमी बोललो आणि माझी ख्याती विचारी माणूस अशी झाली. मग वय अंगात उतरू लागलं. मी थोडा लंगडू लागलो. आधी मुद्दाम, नंतर कशामुळे ते मलाच कळेना. फेब्रुवारीत सगळे मिळून माझ्यासाठी केक आणत आणि मी एका मेलेल्या माणसाच्या मेणबत्त्या फुंकी. माझा खरा वाढदिवस ऑक्टोबरात येई तेव्हा मी अकराव्या मजल्यावरच्या वकिलांच्या कचेरीत फरशीवरचं मेण काढत असे. मृतात्म्यांच्या दिवशी मी कान्तूसाठी चर्चमध्ये दिवा लावतो. स्वतःच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून स्वतः दिवा लावणारा आणि दुसऱ्या दिवशी त्याच नावानं हजेरी लावणारा माणूस देवाच्या खात्यात कुठे बसत असेल, हा प्रश्न मी एकदा पाद्रीबुवांना दुसऱ्या कुणाचा तरी म्हणून विचारला होता. ते म्हणाले, त्या माणसाला विश्रांतीची गरज आहे.

"एकोणीस जुळली," न्यायाधीश म्हणाले. वीस. वाचन पुढे चाललं होतं आणि मी बोटांकडे बघत होतो. फरशीचं जुनं मेण काढायचं औषध हातमोज्यातूनही शिरतं. नऊ वर्षांत माझ्या बोटांची टोकं अंड्यासारखी गुळगुळीत झाली होती. हातमोजे फाटके आहेत, नवे द्या, एवढंच एदेल्मिरा म्हणाली होती. आमचा मुकादम वाल्देमार म्हणाला, तुझ्या एकटीचेच कसे फाटतात. ती म्हणाली, एकटीचे नाहीत, मी एकटीच बोलतेय. पुढच्या शुक्रवारी ती कामावर नव्हती. पूर्वी एका मजल्याला आम्ही तिघं असायचो, मग दोघं, मग एक. मेण काढायचं ते मागे मागे सरकत काढतात, म्हणजे आपल्याच ओल्यात पाय पडत नाही. एका मजल्यावर एकट्यानं मागे सरकत जाणाऱ्या माणसाला वाटू लागतं की तो मजला पुसत नसून स्वतःच्या पावलांच्या खुणा पुसत दाराकडे चाललाय, आणि सकाळी कुणी आलं तर इथं कुणी होतं हे सिद्ध करता येणार नाही. हेच तर कौशल्य होतं आमचं. चांगला सफाईवाला तो, जो आला होता हे कळत नाही.

कार्ड मी अकराव्या मजल्यावरच्या बादल्यांच्या खोलीत भरलं. एदेल्मिरानं बजावलं होतं, तिच्या स्वभावाप्रमाणे तीन वेळा. "ज्या नावानं पगार येतो ते नाव लिही. आईनं ठेवलेलं नको, देवानं ठेवलेलं नको, कंपनीनं ठेवलंय ते." आणि कोणी कोणाचं कार्ड बघायचं नाही, हाही तिचाच नियम, वाल्देमारच्या हाती एखादं लागलं तरी बाकीचे सुटावेत म्हणून प्रत्येकानं स्वतःच पाकीट चिकटवायचं. ती फक्त पाकिटं मोजायची. नियम उत्तम होता. त्याच दिवशी माझ्या खिशात माझ्या बहिणीचं, ओतिलियाचं पत्र होतं. चालातेनांगोच्या डोंगरातल्या आमच्या गावचं नगरपालिकेचं घर जळालं, तिनं लिहिलं होतं. कुणी जाळलं यावर गावात दोन मतं आहेत. राख मात्र एकच. जन्ममृत्यूची सगळी बाडं गेली. 'म्हणजे आता आपण कुणीच जन्मलेलो नाही,' असं लिहून तिनं पुढे कोंबड्यांची खबर दिली होती. मी ते वाचून हसलो. मग बादलीवर बसून कार्डावर रोहेलिओचा रो लिहायला पेन टेकवलं आणि ते हलेना. जगात एक कागद होता ज्यावर माझं नाव शाईनं लिहिलेलं होतं, आणि तो आता उरला नव्हता. बाकी सगळीकडे कान्तू होता: विम्यात, दवाखान्यात, हजेरीत, केकवर. कार्डावर छापलं होतं, 'मी, खाली सही करणारा.' मी पाच मिनिटं त्या 'मी'कडे बघत बसलो. मग अबुन्दियो मेन्हीवार असं लिहिलं, शाळेतल्या अक्षरात, आणि ते वाचण्याआधीच पाकीट चिकटवलं. माहीत नव्हतं असं नाही. पूर्ण माहीत होतं. चोवीस भरायला किती कमी पडताहेत हेही माहीत होतं. एखाद्या बाईनं वर्षानुवर्षं दागिना लपवून ठेवावा आणि नेमका चोरांच्या गल्लीतून जाताना गळ्यात घालावा, तसलं ते होतं, आणि वर मला फार हलकं वाटत होतं.

"बावीस," न्यायाधीश म्हणाले. सभागृहाच्या भिंतीवर लहान मुलांनी काढलेला येशू होता, त्याला सहा बोटं होती. मला आमच्या गावचं चर्च दिसायला लागलं. तिथंही असंच होतं: लोक उन्हात उभे, कुणीतरी यादी हातात घेऊन नावं वाचतंय. वाचणारा लष्कराचा सार्जंट होता आणि त्याचे उच्चार मात्र स्वच्छ. "त्रान्सितो मेन्हीवार." माझा धाकटा भाऊ म्हणाला, "हजर." शाळेत म्हणायचा तसंच, हात वर करून. त्याला नुसती सवय होती. दोघांनी त्याला ट्रककडे नेलं आणि सार्जंटनं पुढचं नाव वाचलं, "अबुन्दियो मेन्हीवार." मी त्याच्यापासून दहा हातांवर होतो. तीन वेळा वाचलं त्यानं. चारशे माणसं उभी होती, दूधवाला, शाळामास्तर, ज्याच्याशी बांधावरून माझं भांडण होतं तोसुद्धा, आणि एकाचीही मान माझ्याकडे वळली नाही. आई स्वतःच्या पायांकडे बघत होती. त्या दिवशी चारशे माणसांनी मिळून मला नाहीसं केलं आणि म्हणून मी आहे. त्रान्सितोनं ट्रकमधून माझ्याकडे बघितलं की नाही, हे मला सांगता येणार नाही, कारण मीही पायांकडेच बघत होतो.

"तेवीस," न्यायाधीश म्हणाले आणि डबा उलटा करून बघितला. "शेहेचाळिसांत तेवीस. निम्मे. निम्मे म्हणजे बहुमत नव्हे." त्यांनी चष्म्याचं घर उचललं. "राहिलं हे एक. हे जुळलं तर चोवीस. हे गृहस्थ कोण?" एदेल्मिरा उठून वळली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, ती नुसती शोधत होती, रांगेमागून रांग, एखादी बाई किल्ली शोधते तशी. "मेन्हीवार? मेन्हीवार कुठल्या मजल्यावर?" मागून कोणी म्हणालं, "तळघरात, बॉयलरमागे." थोडा हशा झाला. चेलिनो उभा राहिला आणि म्हणाला, "हे वाल्देमारचं काम आहे. त्यानं घुसवलंय हे भूत." लगेच सगळीकडून, "त्याचंच," "तेवढाच धंदा आहे त्याला," आणि मागच्या भिंतीला टेकलेला वाल्देमार, ज्यानं आयुष्यात पहिल्यांदाच काही केलेलं नव्हतं, तो खरोखर दुखावला गेला. "माझ्या आईची शपथ," तो म्हणाला. "तुला आई होती?" चेलिनो म्हणाला. मी बसून होतो. मला काहीच करायचं नव्हतं. आणखी दोन मिनिटं पायांकडे बघितलं असतं तर सगळं वाल्देमारच्या अंगावर गेलं असतं, आणि त्याच्या अंगाला सवय होती. सोमवारी मी अकराव्या मजल्यावर गेलो असतो. पकडून परत पाठवलं तर गावाकडे लढाई चालूच होती, आणि सार्जंट बदलले तरी याद्या जपून ठेवतात. एदेल्मिरा म्हणाली, "ज्यानं लिहिलंय त्यानं आत्ता बोलावं. आज मी रागावणार नाही. उद्या रागावेन."

मी उठलो. यात शौर्य काढू नये. शौर्यात माणूस आधी ठरवतो; मी उठल्यावर पाहिलं की मी उभा आहे. आणि तोंडातून जे निघालं तेही मी ठरवलेलं नव्हतं. मी म्हणालो, "हजर." चेलिनो म्हणाला, "बसा काका, तुमचं नाही घेतलं नाव." मी म्हणालो, "माझंच आहे. यादीत कान्तू आहे तो मी. कार्डावर मेन्हीवार आहे तोही मी. माणूस एकच आहे, मोजायला हरकत नसावी." क्षणभर मला वाटलं की झालं. ब्रेननसाहेबांचा चेहरा उजळला. नाव आणि मालमत्ता यांवरचं वाक्य त्यांच्या घशापर्यंत आलेलं मला दिसलं. तेवढ्यात वकील उठला. तरुण, गोरा, नीटनेटका. त्याला लहानपणी सांभाळायला आमच्याकडची बाई असावी, कारण तो स्पॅनिश बोलला ते थेट आमच्या डोंगरातलं, अंगाईसारखं मऊ. नऊ वर्षांनी मी माझी बोली ऐकली ती त्याच्या तोंडून. "आजोबा, उभे का? बसा ना. मी एवढंच विचारतो. तुम्ही कान्तू असाल तर हे कार्ड तुमचं नाही. तुम्ही मेन्हीवार असाल तर तुम्ही आमच्याकडे कामाला नाही. दोन्हींपैकी काय ते तुम्हीच ठरवा, मला दोन्ही चालेल." न्यायाधीशांनी यावर विचार केला. त्यांना ते पटलेलं दिसलं, आणि पटल्याचं वाईटही वाटलेलं दिसलं. वकिलानं पट्टी यादीवर आडवी ठेवली आणि तितक्याच मायेनं सगळ्यांना म्हणाला, "आणखी कुणाचं असं असेल तर आत्ताच सांगितलेलं बरं. कारण आता कंपनीला सोमवारी सगळ्यांचेच कागद तपासावे लागतील. जे युनियनमध्ये नाहीत त्यांचे कदाचित नंतर."

पंखे मान हलवत होते. मग डावीकडे एक खुर्ची सरकली. सातव्या मजल्यावरची सेफेरिना होती, जिनं पहिल्या सभेत सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या होत्या. ती टेबलाशी गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "साहेब, माझं कार्ड परत मिळेल का? माझ्या नवऱ्याला विचारलं नव्हतं." तिचा नवरा मेलेला आहे हे सगळ्यांना माहीत होतं. न्यायाधीशांनी ब्रेननसाहेबांकडे पाहिलं, ब्रेननसाहेबांनी डब्याकडे, आणि कार्ड परत दिलं गेलं. मग चौथ्या मजल्यावरचे दोघे भाऊ. मग आणखी एक, मग आणखी. ते एकमेकांच्या मागे रांगेत उभे राहिले, हजेरीला राहतात तसे शिस्तीत, आणि प्रत्येक जण परत जाताना माझ्या रांगेवरून गेला तेव्हा माझ्याकडे न बघता गेला. मला ते न बघणं ओळखीचं होतं. चारशे माणसांचं बघितलेलं होतं. फरक एवढाच की तेव्हा त्यांनी मला वाचवायला मान वळवली नव्हती. शेवटी चेलिनो उठला. "काका, मला तीन पोरं आहेत," तो म्हणाला, जणू मीच त्याच्यापाशी काही मागितलं होतं. न्यायाधीशांनी उरलेली कार्डं पुन्हा मोजली. सोळा. त्यांनी ते लिहून घेतलं, दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या आणि माझं कार्ड वकिलाच्या हवाली केलं. वकिलानं ते यादीला टाचणीनं जोडून बॅगेत घातलं. जाताना ब्रेननसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, काही म्हणायला तोंड उघडलं आणि मला कोणत्या नावानं हाक मारावी हे न सुचून तसंच मिटलं.

लोक पांगले. एदेल्मिरा आली आणि माझ्या शेजारी, चेलिनोच्या रिकाम्या खुर्चीवर बसली. बूट पुढे करून ती त्यांच्याकडे बघत राहिली. "खरंच अबुन्दियो?" तिनं विचारलं. "खरंच." "वय?" "एक्कावन्न." ती थोडा वेळ हिशेब करत राहिली. "सहा वर्षं," ती म्हणाली, "मी तुला बसमध्ये उठून जागा देत होते. सत्तावन्न वर्षांची बाई, गुडघ्यात पाणी, आणि एका तरण्या बाप्याला जागा." मी म्हणालो, "नको म्हणायचो मी." "एकदाच म्हणायचास." मग ती म्हणाली, "तीन वेळा सांगितलं होतं." "हो." "मग?" मला तिला राखेचं सांगायचं होतं, बाडांचं, ट्रकचं. शब्द जुळवले तर ते ब्रेननसाहेबांच्या वाक्यासारखे व्हायला लागले. मी एवढंच म्हणालो, "कुठल्याच कागदावर उरलं नव्हतं." तिनं मांडीवरची पर्स सरळ केली. मग म्हणाली, "आता आहे. एका कागदावर, वकिलाच्या बॅगेत." त्यात टोमणा नव्हता. तिनं जे होतं ते सांगितलं, हातमोज्यांचं सांगितलं होतं तसं. आज रागावणार नाही हा शब्द तिनं पाळला, आणि मला वाटलं की आत्ता ती रागावली तर बरं. उद्यापर्यंत मी कुठे आणि कोण असेन याचा भरवसा नव्हता. मी ते बोलून दाखवणार, इतक्यात मागचं दार उघडून चर्चची बाई डोकावली. हातात फुलदाणी, काखेत घडी केलेली पांढरी चादर.

"झालं का तुमचं?" ती म्हणाली. "नाही म्हणजे, पाचला बाप्तिस्मा आहे, बाळाचं नाव ठेवायचंय. जाताजाता एवढ्या खुर्च्या भिंतीला लावून द्याल का? आणि ओढू नका हं, उचलून ठेवा. फरशीला कालच मेण लावलंय."